शुद्धलेखन न येणारा मुलगा

वर्गाच्या मागच्या बांकावर बसणारा एक विद्यार्थी बहुतेक प्रत्येक शाळेंत असतो. बोलावयास तो चतुर, गोष्ट सांगावयास पुढें. तोंडी हिशेब विचारावा तर उत्तर जिभेवर तयार. पण हातांत पाटी दिली कीं त्याची सारी हुशारी कोठें लोपते कोण जाणे! दहा ओळींच्या शुद्धलेखनांत वीस चुका, कालचा धडा आज वाचावयास सांगावा तर जणूं तो त्यानें जन्मांत पाहिलेलाच नाहीं. अशा मुलाविषयीं शाळेंत पूर्वापार दोनच मतें चालत आलीं: एक, तो मठ्ठ आहे, दुसरें, तो आळशी आहे. आणि दोन्ही दुखण्यांवर औषध मात्र एकच होतें, तें म्हणजे छडी. मुलगा मठ्ठही नसेल आणि आळशीही नसेल, त्याच्या अडचणीला कांहीं तिसरेंच कारण असेल, तें शोधून काढतां येईल व शोधल्यावर त्याला निराळ्या रीतीनें शिकवितां येईल, हा विचार जगांत फार उशिरां आला. आज मोठ्या शहरांतून मानसशास्त्रज्ञाच्या खोलींत ज्या तपासण्या होतात व जो सल्ला दिला जातो, त्याचें मूळ या विचारांत आहे. आणि त्या विचाराला पहिली चालना कोणा पंडितानें दिली नाहीं, एका शाळेंतल्या शिक्षिकेनें दिली.

अमेरिकेंतील फिलाडेल्फिया शहरांत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ आहे. तेथें १८९६ च्या सुमारास मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख लाइट्‌नर विट्‌मर नांवाचे अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे तरुण अध्यापक होते. त्यांचें शिक्षण जर्मनींत लाइप्झिग येथें विल्हेल्म वुंट यांच्या हाताखालीं झालेलें. वुंट यांनीं १८७९ सालीं स्थापन केलेली प्रयोगशाळा म्हणजे त्या काळीं या शास्त्राची काशीच. तेथें काय चाले? घंटा वाजल्यापासून माणसाचें बोट हालेपर्यंत किती वेळ जातो, दोन रंगांतला किती सूक्ष्म फरक डोळ्याला कळतो, असलीं मोजमापें. ज्ञान म्हणून तें थोर खरें. पण त्याचा उपयोग एखाद्या रडणाऱ्या पोराला व्हावा, अशी अपेक्षा कोणी केली नव्हती. विट्‌मर मात्र लाइप्झिगला जाण्यापूर्वीं आपल्या गांवच्या एका शाळेंत कांहीं काळ मास्तर होते, आणि खडू हातांत धरलेल्या माणसाला कांहीं गोष्टी विसरतां येत नाहींत.

विद्यापीठांत त्यांच्या व्याख्यानांना शहरांतील शिक्षकही येऊन बसत. त्यांतच मार्गारेट मॅग्वायर नांवाच्या एक शिक्षिका होत्या. त्यांच्या शाळेंत चौदा वर्षांचा एक मुलगा होता. इतर विषयांत बरा, बोलण्यांत समंजस, पण शुद्धलेखन म्हणून त्याला येईना. कितीही घोकून घेतलें तरी दुसऱ्या दिवशीं पाटी कोरी. १८९६ च्या मार्च महिन्यांत बाईंनीं त्या मुलाला थेट प्रयोगशाळेंत आणून उभें केलें. तुमचें शास्त्र स्मरणशक्तीविषयीं इतकें बोलतें, मग या मुलाची स्मरणशक्ति या एकाच ठिकाणीं कां अडते, असा त्या भेटीचा रोखठोक अर्थ होता. विट्‌मर यांनीं पुढें स्वतःच लिहून ठेवलें आहे कीं, शुद्धलेखन न येण्याचें कारण व उपाय शोधण्याचा प्रयत्न या शास्त्रानें केल्याचें त्यांना कोठें आढळलें नाहीं. तरीही शास्त्राला कांहीं किंमत असेल तर अशा वेळीं शिक्षकाच्या कामीं त्यानें यावयास हवें, असें त्यांना वाटलें. एका शास्त्रज्ञानें दिलेली ही कबुली लहान नाहीं. जें शास्त्रांत नाहीं तें मुलाच्या डोक्यांतच नसलें पाहिजे, असें म्हणून मोकळे होणारे विद्वान् कांहीं थोडे नसतात.

तपासणी सुरू झाली ती डोळ्यांपासून. मुलाच्या दृष्टींत दोष निघाला. त्याला चष्मा देण्यांत आला. आजवर या पोराला पुस्तकावरून बोलणीं बसलीं, पण अक्षर त्याला नीट दिसतें कीं नाहीं हें कोणी पाहिलें नव्हतें! परंतु चष्मा लागतांच सर्व सुरळीत झालें, असें मात्र घडलें नाहीं. अक्षरें स्पष्ट दिसूं लागलीं तरी शब्दाचें रूप मनांत टिकेना. तेव्हां डोळ्याच्या दोषाखालीं आणखी एक खोल अडचण आहे, ती म्हणजे छापील शब्दाची दृष्टिस्मृति दुबळी आहे, असें विट्‌मर यांनीं ठरविलें आणि त्या मुलासाठीं निराळी शिकवणी योजून ती महिनोन्‌महिने चालविली. मुलगा सुधारला; निर्दोष लेखक झाला नाहीं, पण वाचूं लागला. पुढें १९०७ सालीं विट्‌मर यांनीं ही हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हां मुलाचें खरें नांव झांकून त्याला चार्ल्स गिल्मन असें नांव दिलें. तपासणीस आलेल्याचें नांव बाहेर जाऊं न देण्याची ही मर्यादा आजही त्या खोलींत पाळली जाते.

येथें मराठी श्रोत्यांच्या मनांत एक शंका येईल. इंग्रजींत लिहावयाचें एक व म्हणावयाचें दुसरें, तेव्हां तेथें मुलें चुकलीं तर नवल काय? आपली देवनागरी तर जसा उच्चार तसें अक्षर अशी सरळ. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. घ आणि ध, भ आणि म यांत फरक तो केवढा? एका गांठीचा किंवा रेघेचा. काना अक्षराच्या पुढें. पहिली वेलांटी उच्चारांत मागाहून येते, पण लिहितांना अक्षराच्या आधीं काढावी लागते. उकार खालीं, मात्रा वर, आणि रफार तर आपल्या जागेवरून उडी मारून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ज्या मुलाच्या नजरेला अक्षराची जागा व दिशा पटकन् पकडतां येत नाहीं, त्याला आपली लिपि इंग्रजीइतकी फसवीत नसेल, पण फसविते खास. त्याच्या चुका ह्रस्व-दीर्घाच्या नसतात. ह्रस्व-दीर्घ तर चांगले लेखकही चुकतात. तो अक्षरच गिळतो, जोडाक्षर फोडतो, शब्दाचा शेवट मनानें जुळवितो.

योगायोग असा कीं, त्याच १८९६ सालच्या नोव्हेंबरांत, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील सीफर्ड गांवचे डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनीं एका वैद्यकीय नियतकालिकांत पर्सी नांवाच्या मुलाची हकीकत छापली. तोही चौदा वर्षांचाच. सात वर्षें शिकवूनही त्याला एका अवयवाचे शब्द कसेबसे वाचतां येत. स्वतःचें नांव लिहितांना तो अक्षरांची अदलाबदल करी. पण आंकडे तो सहज वाची आणि बीजगणितांतलें उदाहरण बिनचूक सोडवी. सर्व शिक्षण तोंडी असतें तर हा शाळेंत सर्वांत हुशार ठरला असता, असें त्याच्या शिक्षकाचें मत होतें. मॉर्गन यांनीं या व्यंगाला जन्मजात शब्दांधता म्हटलें. समुद्राच्या दोन तीरांवर, एकमेकांची खबर नसतां, दोन माणसें एकाच वर्षीं एकाच तऱ्हेच्या मुलाकडे नीट पाहत होतीं. मात्र इंग्लंडांतला डॉक्टर व्यंगाचें वर्णन करून थांबला, आणि फिलाडेल्फियाच्या मास्तरानें शिकवणी सुरू केली.

त्याच वर्षीं डिसेंबरांत बॉस्टन येथें अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञांची परिषद् भरली. तेथें विट्‌मर यांनीं या नव्या कार्याची योजना मांडली. मंडळींनीं ती थंडपणें ऐकून घेतली. वडीलधाऱ्यांच्या भुंवया जरा वर गेल्या, एवढेंच. विट्‌मर यांनीं त्याची फारशी पर्वा केली नाहीं. चिकित्सालय चालूच राहिलें, १९०७ पासून त्याचें स्वतःचें नियतकालिक निघूं लागलें, आणि या शाखेला त्यांनीं जें नांव दिलें तेंच पुढें जगभर रूढ झालें. काम करण्याची त्यांची रीत सांगण्यासारखी आहे. मूल आलें कीं प्रथम वैद्याकडून शरीराची तपासणी. मग घरची व शाळेची चौकशी, त्यासाठीं प्रसंगीं घरीं माणूस पाठवावयाचें. मग लांकडी पाटावरील निरनिराळ्या आकारांच्या खांचांत त्या त्या आकाराचे ठोकळे बसविणें वगैरे परीक्षा. पण विट्‌मर यांचा डोळा ठोकळे किती सेकंदांत बसले यावर नसे. मूल चूक झाल्यावर काय करतें, दुसऱ्या वेळीं शिकतें कीं तीच चूक पुन्हां करतें, कंटाळतें केव्हां, हें ते पाहत. थोडेंसें शिकवून पाहावें आणि तें कसें शिकतें यावरून निदान करावें, ही त्यांची पद्धति. परीक्षा आणि शिकवणी यांची ताटातूट त्यांना मान्य नव्हती.

ती ताटातूट पुढें झाली, आणि तिची हकीकत पॅरिसपासून सुरू होते. १९०४ सालीं फ्रान्सच्या शिक्षणमंत्र्यांनीं, साध्या वर्गांत ज्यांना लाभ होत नाहीं अशा मुलांचा विचार करण्यासाठीं एक मंडळ नेमलें. त्यावर आल्फ्रेड बिने होते. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं डॉक्टर सिमाँ यांच्या साहाय्यानें तीस प्रश्नांची ती प्रसिद्ध परीक्षा तयार केली. बुद्धिमापनाचा जनक म्हणून बिने यांचें नांव घेतलें जातें. पण ते काय इच्छीत होते हें नांव घेणाऱ्यांपैकीं थोड्यांनाच ठाऊक असतें. नकोसा विद्यार्थी वर्गांतून काढून टाकण्यास शिक्षक या परीक्षेचा आधार घेतील, अशी त्यांना स्पष्ट धास्ती होती. बुद्धि ही कायमची ठरलेली वस्तु आहे, ती वाढवितां येत नाहीं, या मताचा त्यांनीं १९०९ सालच्या आपल्या ग्रंथांत कडक शब्दांत निषेध केला.

आणि नुसता निषेध करून ते बसले नाहींत. मागासलेल्या मुलांच्या वर्गांसाठीं त्यांनीं मनाच्या कसरती सुचविल्या. त्यांतली एक पुतळ्यांची. शिक्षकानें खूण करतांच साऱ्या वर्गानें, ज्या स्थितींत असेल त्या स्थितींत, पुतळ्यासारखें निश्चल राहावयाचें. प्रथम कांहीं क्षण, मग हळूहळू अधिक. दुसरी कसरत पाण्यानें कांठोकांठ भरलेलें भांडें न सांडतां नेण्याची. तिसरी, एका पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या वस्तु क्षणभर दाखवून मग आठवावयास लावण्याची. बिने म्हणत, या मुलांना शिकविण्यापूर्वीं शिकावें कसें हें शिकविलें पाहिजे. स्वस्थ बसणें व लक्ष धरणें हाही एक धडाच आहे. ही दृष्टि त्यांना घरांतच लाभली असावी. आपल्या दोन मुलींचें त्यांनीं लहानपणापासून निरीक्षण केलें होतें: एक ज्या वस्तूकडे पाही तिच्यावर खिळून राही, तर दुसरीचें मन कल्पनेच्या मागें धांवे. बाप एक, आई एक, घर एक. अवधानाची जात मात्र निराळी. पण त्यांपैकीं कोणतीही त्यांनीं मठ्ठ ठरविली नाहीं.

बिने १९११ सालीं वारले. त्यांची परीक्षा तोंवर अमेरिकेंत पोंचली होती, आणि तेथें तिचें रूप पालटलें. कसरती पॅरिसमध्येंच राहिल्या. आंकडा तेवढा समुद्र ओलांडून आला. विल्यम स्टर्न या जर्मन शास्त्रज्ञानें १९१२ सालीं बुद्ध्यंकाची कल्पना मांडली, १९१६ मध्यें टर्मन यांनीं ती आपल्या परीक्षेंत घेतली, आणि एका तासांत माणसाची किंमत एका संख्येंत सांगण्याची सोय झाली. या सोयीचें टोक कोठवर गेलें? व्हर्जिनिया संस्थानांतील एका तरुणीला, तिच्या आईला व तिच्या सात महिन्यांच्या तान्ह्या मुलीलाही मंदबुद्धि ठरवून, त्या तरुणीवर वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया करण्यास १९२७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें संमति दिली. ती तान्ही मुलगी पुढें शाळेंत गेली आणि एकदां तिचें नांव शाळेच्या गुणवंतांच्या यादींत लागलें. दुर्दैवानें ती आठव्या वर्षींच वारली. ज्या मोजपट्टीचा जन्म मुलाला शाळेंत ठेवण्यासाठीं झाला, तिच्या हातून हें घडलें! पट्टीला दोष देऊन येथें भागणार नाहीं. तिच्यापुढची शिकवणी ज्यांनीं गाळली, दोष त्यांचा.

वाचनलेखनाच्या अडचणीची ही कथा झाली. तिची जुळी बहीण म्हणजे अवधानाची अडचण: मूल एका जागीं ठरत नाहीं, हातांतलें काम पुरें करीत नाहीं, मध्येंच बोलतें, वस्तु हरवितें. आपल्याकडे त्याला वात्रट, चुळबुळ्या म्हणतात. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें १७९८ सालींच आपल्या ग्रंथांत अवधानाच्या विकारावर एक प्रकरण लिहिलें होतें. १९०२ सालीं लंडनमध्यें जॉर्ज स्टिल यांनीं बुद्धि शाबूत असूनही स्वतःला आवरतां न येणाऱ्या मुलांवर व्याख्यानें दिलीं; पण स्टिल यांनीं या दुखण्याला नीतीच्या दुबळेपणाचें नांव दिलें, म्हणजे छडी गेली तरी बोल राहिलाच.

खरा चमत्कार १९३७ सालीं ऱ्होड आयलंड संस्थानांतील एका बालरुग्णालयांत घडला. तेथील डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली हे मुलांच्या मेंदूची एक तपासणी करीत. तीनंतर मुलांचें डोकें फार दुखे. त्यावर उतारा म्हणून त्यांनीं बेन्झेड्रिन हें उत्तेजक औषध दिलें. डोकेंदुखीवर त्याचा म्हणण्यासारखा उपयोग झाला नाहीं. पण औषध घेतलेल्या तीस मुलांपैकीं जवळजवळ निम्मीं मुलें एकाएकीं धडा घेऊन बसूं लागलीं. मुलांनींच त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणावयास सुरुवात केली. उत्तेजक औषधानें चंचल मूल शांत व्हावें, हें पाहून डॉक्टरही चकित झाले. त्या शोधाचा उपयोग व्हावयास पुढें वीसएक वर्षें लागलीं, आणि गोळी केव्हां द्यावी व केव्हां न द्यावी हा वाद तर अजून मिटलेला नाहीं. गोळीनें मूल बसतें होतें. बसल्यावर त्याच्यापुढें काय ठेवावयाचें, तें शिक्षकानेंच ठरवावें लागतें.

हिंदुस्थानांत ही विद्या उशिरां आली, पण आली ती मुंबईच्या वाटेनें. १९३६ सालीं नागपाड्यांत सर दोराबजी टाटा यांच्या नांवानें समाजकार्याचें विद्यालय सुरू झालें, आणि दुसऱ्या वर्षीं त्याच्या जोडीला बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडलें. इकडे धारवाडांत व्ही. व्ही. कामत यांनीं बिने यांची परीक्षा मराठी व कानडी मुलांना जुळेल अशी बेतून घेतली; त्यावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं निघाला. परक्या मुलांसाठीं केलेले प्रश्न जसेच्या तसे विचारले तर अपयश मुलाचें नसून प्रश्नाचें असतें, हें त्यांनीं जाणलें होतें. इतकी साधी गोष्ट, पण पुढें बराच काळ ती पुष्कळांच्या नजरेआड झाली.

शिकण्याच्या अडचणी हा आज प्रचलित असलेला शब्दप्रयोग सॅम्युएल कर्क यांनीं १९६३ सालीं शिकागो येथील पालकांच्या सभेंत पुढें आणला. महाराष्ट्र शासनानें १९९६ सालीं अशा विद्यार्थ्यांना परीक्षेंत सवलती दिल्या: अधिक वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांची माफी, एखादी भाषा सोडण्याची किंवा सोपें गणित घेण्याची मोकळीक. २०१६ च्या दिव्यांग हक्कांच्या कायद्यांतही या अडचणींचा समावेश झाला. मात्र या सवलतींसाठीं दाखला लागतो, दाखल्यासाठीं चाचणी लागते, आणि चाचण्या होत्या मुख्यतः इंग्रजींत. परिणाम असा झाला कीं, इंग्रजी शाळेंतल्या मुलाची अडचण शास्त्राला दिसे, आणि नगरपालिकेच्या मराठी शाळेंत तीच अडचण असलेला त्याचा शेजारी मठ्ठाचा मठ्ठच राही. हिंदी, मराठी, कानडी व इंग्रजी या चारही भाषांत वापरतां येईल असा डाली नांवाचा चाचणीसंच निघाला तो २०१५ सालीं, म्हणजे कामतांच्या ग्रंथानंतर पंच्याहत्तर वर्षांनीं.

आजच्या तपासणीचा सांगाडा पुष्कळसा विट्‌मर यांचाच आहे. आईबापांशीं बोलणें, शाळेच्या वह्या पाहणें, डोळे व कान तपासून घेणें. मग बुद्धीची परीक्षा, वाचन, लेखन व गणित यांच्या चाचण्या, लक्ष किती वेळ टिकतें याची पाहणी. एकदोन बैठकींत हें होत नाहीं, आणि घाईनें केलेल्या तपासणीवर कोणी विसंबूंही नये. शेवटीं एक लेखी अहवाल मिळतो. कित्येक घरीं तो दाखला मिळेपर्यंत जपला जातो आणि नंतर कपाटांत जातो. परीक्षेला अर्धा तास अधिक मिळतो, वाचावयास येणें तसेंच राहतें.

या राहिलेल्या कामासाठीं झटलेल्यांत कॅलिफोर्नियांतील ग्रेस फर्नाल्ड यांचें नांव घ्यावें लागेल. १९२१ सालीं त्यांनीं लॉस एंजेलिस येथें आपल्या विद्यापीठांत एक चिकित्सालय-शाळा काढली. वाचतां न येणाऱ्या मुलापुढें त्या मोठ्या अक्षरांत लिहिलेला शब्द ठेवीत. मुलानें बोटानें तो गिरवावयाचा, गिरवितांना मोठ्यानें म्हणावयाचा, आणि मग न पाहतां लिहावयाचा. जें डोळ्याला धरवत नाहीं तें बोटाला व जिभेला धरूं द्यावें, ही त्यामागची युक्ति. तिचें शास्त्रीय विवेचन त्यांनीं १९४३ च्या आपल्या ग्रंथांत केलें आहे. आपल्याकडच्या जुन्या पंतोजींनीं असला ग्रंथ पाहिला नव्हता. त्यांच्या हातीं छडी होती, ती त्यांनीं फार वापरली, हें कोणी नाकारणार नाहीं. पण ओनाम्याच्या दिवशीं ते मुलापुढें धुळपाटी ठेवीत, त्यावर बारीक धूळ पसरीत, आणि मुलाचें बोट आपल्या हातांत धरून, मोठ्यानें म्हणत म्हणत, एकेक अक्षर त्याच्याकडून गिरवून घेत.